नानांना घरी ठेवून जाऊ नका

गेल्या वर्षीच्या मार्च महिन्यातली गोष्ट. सकाळचे पेशंट संपत आले होते. एवढ्यात ओळखीचे एक गृहस्थ आत आले आणि दार लोटून खुर्चीत बसले. कोणाला काय होतंय, असे विचारले तर म्हणाले, "कोणालाच काही नाही, डॉक्टरसाहेब. एक छोटंसं काम होतं. आम्ही मे महिन्यात शिमल्याला निघालोय. मी, ही आणि दोन्ही मुलं. कालक्याहून डोंगरातली ती छोटी गाडी आहे ना, तिनेच जायचं ठरवलंय. आता नाना म्हणतात, मीही येणार. उद्या ते बीपी तपासायला तुमच्याकडे येतील. तुम्ही त्यांना एवढंच सांगा, की तिथे हवा विरळ असते, तुम्हाला सोसायची नाही. तुमचं ते ऐकतात."

नाना म्हणजे त्यांचे वडील. वय ७४. रक्तदाब आहे, मधुमेह आहे, गुडघे कुरकुरतात. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. सारी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेली. मुलुखभर गाड्या नेल्या, पण पाहण्यासाठी म्हणून गाडीत बसले असतील ते बोटांवर मोजण्याइतक्या वेळा.

वाचकहो, अशी विनंती मला नवीन नाही. सुट्ट्या जवळ आल्या की दरवर्षी दोन-तीन घरांतून ती येतेच. 'डॉक्टरांनी नको सांगितलंय' हे वाक्य फार सोयीचे झाले आहे. म्हातारा माणूस रुसत नाही, सुनेवर बोल येत नाही आणि बापाला मागे ठेवून आलो असे मुलाच्या मनाला लागत नाही. सगळा दोष वैद्यकशास्त्राच्या माथी!

मी त्या गृहस्थांना म्हणालो, "आधी नानांना तपासतो. नको म्हणण्यासारखं काही सापडलं तर तुमच्याआधी मीच नको म्हणेन. पण न तपासता म्हणणार नाही." ते जरा हिरमुसले. उठता उठता म्हणाले, "त्यांच्यामुळे सगळ्यांचीच सहल अडकते हो." हे खरे कारण होते, आणि त्यात अगदीच तथ्य नव्हते असेही नाही. म्हणूनच आज या विषयावर लिहितो आहे.

उंचीची भीती किती खरी?

आधी विरळ हवेचे पाहू. कालका साधारण ६५६ मीटर उंचीवर आहे आणि शिमला २,०७६ मीटरवर. उंचीमुळे डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे, दम लागणे असा जो त्रास होतो तो बहुतेकांना अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर होतो. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या गावी विमानाने एकदम उतरणाऱ्याला हा धोका खरोखर असतो. शिमल्याला हवेतील प्राणवायूचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी असतो. प्रकृती स्थिर असलेल्या माणसाला तो सहसा सोसतो, मग त्याचे वय ७४ का असेना.

मग कोणी जाऊ नये? ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या छातीतील कळ अजून आटोक्यात नाही, पायांवर सूज आहे आणि आडवे पडले की दम लागतो, फुप्फुसाच्या जुन्या आजाराने बसल्या जागी धाप लागते, अंगात रक्त फारच कमी आहे किंवा नुकतेच मोठे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय निघू नये. बाकीच्यांसाठी घरच्या घरी एक ठोकताळा आहे. सपाट रस्त्यावर अर्धा तास चालता येते का? कठड्याला धरून, सावकाश का होईना, दोन जिने चढता येतात का? हे करताना छातीत दुखता कामा नये आणि उभे राहून श्वास घ्यावा लागता कामा नये. नाना दुसऱ्या दिवशी आले. मी त्यांना तपासले, कार्डिओग्राम काढला आणि समोरच्या इमारतीचे दोन जिने चढायला लावले. गुडघ्यांबद्दल तक्रार करीत, पण धाप न लागता ते वर गेले आणि खाली आले. मी त्यांना सांगितले, "नाना, तुम्ही जायचं."

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, पण क्षणभरच. मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, पण त्यांची पंचाईत नको व्हायला माझ्यामुळे."

हे वाक्य ऐकले आणि मला माझी आई आठवली.

डॉक्टरच्या घरची गोष्ट

सन २०११ च्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब याच गाडीने शिमल्याला गेलो होतो. आई तेव्हा ७२ वर्षांची. तिला मधुमेह आणि रक्तदाब, दोन्हींच्या गोळ्या चालू. घरात डॉक्टर म्हणजे काळजीच नको, असे सर्वांनी गृहीत धरले होते, मीसुद्धा. कालक्याला सामान फार झाले म्हणून मी शहाणपणा केला. धाकट्या भावाबरोबर बॅगा टॅक्सीने पुढे पाठवून दिल्या. औषधांची पिशवी त्याच बॅगांत गेली. खाण्याचा डबाही तिकडेच गेला.

आईने पहाटे मधुमेहाची गोळी घेतली होती. नाश्ता बरोग स्टेशनवर करू, असे आम्ही ठरवले होते. बरोगला पोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो, याचा हिशेब गोळीशी कोणी घातला नाही. या मार्गावर नऊशेहून अधिक वळणे आहेत. गाडी हेलकावे घेत चढू लागली, मुले खिडकीला चिकटली, आणि थोड्या वेळाने आईला घाम सुटला. मी म्हणालो, "गाडी लागली असेल. डोळे मिटून पडून राहा." डॉक्टर मुलाने सांगितले म्हणून ती गप्प पडून राहिली. पुढे माझी आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, आजी काहीतरीच बोलतेय." तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. हात गार, अंग ओले, जीभ जड. साखर उतरली होती. आणि माझ्याजवळ चमचाभर साखरही नव्हती.

समोरच्या बाकावर एक पंजाबी बाई बसल्या होत्या. त्यांनी थर्मासमधला गोड चहा दिला, मुलाच्या खिशातल्या गोळ्या दिल्या. आई शुद्धीवर होती, गिळू शकत होती, म्हणून निभावले. पंधरा-वीस मिनिटांत ती माणसात आली. ती वीस मिनिटे मी आयुष्यात विसरणार नाही.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी तिला विचारले, तेव्हा कळले की आदल्या दिवशी दिल्ली सोडल्यापासून तिने पाणीसुद्धा जवळजवळ घेतले नव्हते. कारण काय, तर चालत्या गाडीत संडासला जायची भीती. भुकेने कासावीस होत होते ते तिला कळले होते. "मग बोलली का नाहीस?" असे मी जरा रागावूनच विचारले. ती म्हणाली, "तुम्ही सगळे आनंदात होतात. म्हटलं, माझ्यामुळे कशाला खोळंबा."

डोंगरातल्या प्रवासात वृद्ध माणसाला खरा धोका कशाचा असतो, ते मी त्या दिवशी शिकलो. तो धोका उंचीपेक्षा संकोचाचा अधिक असतो. आपल्यामुळे मुलांची पंचाईत होऊ नये म्हणून म्हातारी माणसे पाणी पीत नाहीत, दुखले तरी सांगत नाहीत, लघवी दाबून धरतात, गोळी मागत नाहीत. त्यातून चक्कर येते, लघवीला जळजळ सुरू होते, बद्धकोष्ठ होते, साखर उतरते. आणि आपण परत येऊन म्हणतो, "वय झालं हो, प्रवास झेपला नाही."

बोगद्याची दोन टोके

ज्या बरोग स्टेशनावर आम्ही त्या दिवशी उतरलो, तिथल्या बोगद्याची एक हकीकत सांगतात. बरोग नावाच्या इंग्रज इंजिनियरने डोंगर दोन्ही बाजूंनी खोदायला घेतला, पण मधोमध टोके जुळलीच नाहीत. त्याला एक रुपया दंड झाला आणि तो अपमान त्याच्या जिवाला लागला, असे म्हणतात. पुढे जवळच दुसऱ्या जागी बोगदा काढला गेला. तो १,१४३ मीटर लांबीचा, या मार्गावरील सर्वांत मोठा. १९०३ साली सुरू झालेला हा मार्ग २००८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला.

आपल्या घरच्या सहलीचेही असेच होते. तरुण मंडळी एका टोकाने खणतात. तीन दिवसांत सात ठिकाणे, पहाटे पाचला निघायचे, रात्री दहाला पोचायचे. म्हातारी माणसे दुसऱ्या टोकाने गप्प बसून, सगळे गिळून खणतात. टोके जुळत नाहीत, आणि दंड भरावा लागतो तो अशक्त माणसाला.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. वृद्धांना घरी ठेवून जाणे हा उपाय नव्हे, आणि काही न विचारता सामानासारखे बरोबर नेणे हाही नव्हे. डोंगरातली रेल्वे ही तर त्यांच्यासाठीच आहे. ९६ किलोमीटरला पाच-सहा तास घेणारी गाडी! पायपीट नाही, धक्काबुक्की नाही. दरी, देवदार आणि पूल स्वतःहून खिडकीशी येतात. ज्याचे गुडघे गेले आहेत त्याला याहून सोयीचा डोंगर कुठे मिळणार? फक्त सहलीचा आराखडा घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला समोर बसवून करावा. त्याला जे झेपते ते सर्वांना झेपते. आणि गंमत म्हणजे त्यात लहान मुलेही सुखी राहतात, कारण भूक, झोप आणि शू या बाबतीत चार वर्षांचे पोर आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा यांच्या गरजा सारख्याच असतात.

तयारी कशी करावी?

तिकिटापासून सुरुवात करू. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. त्या सुमारासच बसून ठरवावे. लांबच्या गाडीत वृद्धांसाठी खालचा बर्थ मागावा. आपल्याकडून दिल्लीपर्यंतचा प्रवासच रात्र-दिवसाचा होतो. तिथून लगेच दुसरी गाडी पकडण्याऐवजी मध्ये एक रात्र पाठ टेकू द्यावी. एक ठिकाण कमी पाहिले तर काही बिघडत नाही.

महिना कोणता? पावसाळा टाळावा. ऑगस्ट २०२३ मध्ये शिमल्याच्या अलीकडे समर हिलजवळ रुळांखालची जमीन वाहून गेली आणि रूळ अधांतरी लटकले होते. त्यानंतर गाडी कित्येक आठवडे बंद होती. मे महिन्यात कालक्याला ऊन भाजून काढते. उंची वाढते तसे दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरते, म्हणजे कालका ते शिमला नऊ-दहा अंशांचा फरक पडतो. घामाने भिजलेल्या बनियनवर गार वारा लागू देऊ नये. स्वेटर आणि कानटोपी बॅगेच्या तळाशी ठेवू नये, हाताशी ठेवावी.

औषधे नेहमी अंगाजवळच्या पिशवीत असावीत, सामानात नव्हे. माझ्या चुकीवरून एवढे तरी शिका. लागतील त्याहून आठवडाभराची जास्त घ्यावीत आणि अर्धी दुसऱ्याच्या पिशवीत ठेवावीत. एका कागदावर नाव, वय, आजार, गोळ्यांची नावे, डोस आणि घरच्या डॉक्टरांचा फोन लिहून तो त्यांच्या खिशात ठेवावा. इन्सुलिन उन्हात ठेवू नये आणि बर्फाला थेट चिकटवूही नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

मधुमेह असणाऱ्याने गोळी किंवा इन्सुलिन घड्याळाकडे पाहून घेऊ नये, ताटाकडे पाहून घ्यावे. जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीची गोळी घेऊ नये. खिशात साखर किंवा गोड गोळ्या हव्यातच. घाम, थरथर, एकाएकी चिडचिड, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर माणूस शुद्धीवर असताना तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी आणि मग काही खायला घालावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

पाणी बंद करू नये. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने सोडू नये. प्रवासाच्या दिवशी कोणत्या वेळी घ्यावी ते डॉक्टरांना विचारून घ्यावे, वेळ पुढेमागे करता येते. गाडीत बसण्यापूर्वी स्टेशनवर सर्वांनी, होय, सर्वांनी, संडासला जाऊन यावे, म्हणजे एकट्या आजीला अवघडल्यासारखे होत नाही. छोट्या गाडीतले शौचालय चिमुकले असते आणि वळणावर तोल जातो. वृद्ध माणसाबरोबर दाराशी कोणीतरी उभे राहावे. जुन्या डब्यांत एका डब्यातून दुसऱ्यात जाता येत नाही. तेव्हा कुटुंबाची दोन डब्यांत वाटणी झाली तर औषधे कोणाजवळ आहेत ते आधी पाहावे.

गाडी लागत असेल तर निघण्यापूर्वी पोट तडस भरू नये आणि अगदी रिकामेही ठेवू नये. गाडी जाते त्या दिशेला तोंड करून बसावे, दूरच्या डोंगराकडे पाहावे, पुस्तक आणि मोबाइल मिटून ठेवावेत. सुंठ किंवा आले चघळल्याने काहींना बरे वाटते. उलटी थांबवण्याच्या नेहमीच्या गोळ्यांनी गुंगी येते. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असलेल्या माणसाला त्या विचारल्याशिवाय देऊ नयेत. दोन वर्षांखालील बाळाला तर मुळीच नाही.

आणखी एक. बोगद्याच्या भिंती खिडकीपासून अगदी जवळ असतात. मुलांचे हात, डोकी आणि फोटोसाठी बाहेर काढलेले मोबाइल आत ठेवावेत. फोटो नाही मिळाला तरी चालेल.

मुक्कामाचे ठिकाण ठरवताना खोलीतून डोंगर दिसतो का, हे सगळेच विचारतात. त्याआधी हे विचारा, की रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती आहेत? शिमला उतारावर वसलेले आहे आणि काही ठिकाणी खोली रस्त्याच्या खाली दोन-तीन मजले असते. माल रोडवर जायला खालच्या कार्ट रोडवरून लिफ्ट आहे. वृद्धांना पायऱ्या चढायला लावण्यापेक्षा तिच्या रांगेत उभे राहावे. पहिला दिवस फक्त विश्रांतीचा ठेवावा. गाडीत त्रास झाला तर १३९ वर फोन करावा, गावात असाल तर १०८ वर.

ज्यांना एवढा लांबचा प्रवास खरोखरच शक्य नाही त्यांच्यासाठी आपले माथेरान आहे. नेरळहून निघणारी ती छोटी गाडी १९०७ पासूनची. अंतर २१ किलोमीटर आणि उंची शिमल्याच्या निम्म्याहूनही कमी. पावसाळ्यात मात्र नेरळची गाडी बंद असते. एक रात्र राहून परत येता येते. आजी-आजोबांना आयुष्यात एकदा तरी डोंगरातल्या गाडीत बसवून आणायचे असेल, तर दूर जाण्याची सक्ती नाही.

जाताना घरातल्या वडीलधाऱ्यांनाही एक सांगणे आहे. पोरांवर मेहेरबानी म्हणून गप्प बसू नका. "मला पाणी हवं, मला थांबायचंय, मला बरं वाटत नाहीये," ही तीन वाक्ये मोठ्याने म्हणायला शिका. तुमच्या एका हाकेने सहल दहा मिनिटे थांबेल. तुम्ही न बोलल्यामुळे ती दवाखान्यात संपेल.

नाना गेले. जाण्याआधी मी त्यांच्या मुलाला बोलावून वरचा सगळा पाढा वाचला आणि माझ्या आईची गोष्टही सांगितली. तो काही बोलला नाही, पण कागद मागून घेऊन लिहून घेऊ लागला.

जूनमध्ये नाना बीपी दाखवायला आले. बीपी उत्तम होते. खिशातून एक चिठ्ठी काढून म्हणाले, "डॉक्टर, शेवटच्या बोगद्यावर १०३ आकडा लिहिलाय. मी एकेक करून मोजले, १०२ च भरले. नातवंडं म्हणाली, आजोबा, एक चुकला तुमचा, डुलकी लागली असणार. मी म्हटलं, गार्ड डब्यांची मोजणी चुकत नाही. परत येताना पुन्हा मोजले. पुन्हा १०२!"

नानांचेच बरोबर होते. ४६ क्रमांकाचा बोगदा आता त्या मार्गावर नाही. आकडे जुनेच राहिले आहेत. मी तसे सांगितले तेव्हा त्यांनी लगेच फोन लावून नातवाला बातमी दिली.

यंदा सुट्टीचा बेत आखताना आपणही घरातली माणसे एकदा नीट मोजून घ्या.